करवंदीवरची लाल चिंधी

फौजेतून निवृत्त झाल्यावर आमचे हे उसाला पाणी पाजत शांत बसतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! वाईकडच्या डोंगरात दरवर्षी शर्यत असते, एकामागून एक शिखरं चढायची आणि उतरायची. पन्नाशी उलटलेला हा गडी त्यासाठी कडेगावच्या बांधांवरून पळायचा आणि रात्री गुडघ्यांना तेल मी चोळायचे.

गेल्या वर्षी सासूबाईही बरोबर आल्या. तिथल्या गावात एक रीत आहे. ज्या घरचं माणूस पळणार, त्या घरच्या बाईनं आदल्या दिवशी खिंडीतून कड्यावरच्या देवीला जायचं आणि वाटेतल्या करवंदीला लाल चिंधी बांधायची. ऐकताच सासूबाईंनी जुन्या लाल लुगड्याचा काठ टरकावला आणि अगदी देवीजवळच्या शेवटच्या जाळीला बांधून आल्या. शर्यतवाल्यांनी वाट दाखवायला फिती लावल्या होत्या, त्याही लालच. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी दाट धुकं उतरलं. मी खिंडीपलीकडच्या पठारावर पाण्याच्या टेबलापाशी उभी होते. पोरं येत होती, पाणी पिऊन पुढे जात होती. हे काही येईनात. शेवटी एकाला थांबवलं.

"आमचं मालक दिसलं का रं? पांढऱ्या मिशांचं?"

"मामा व्हय? खिंडीत आमच्या म्होरं व्हते की!"

पुढे होते, तर मग गेले कुठे? तेवढ्यात टेबलाशेजारच्या झुडपाला बांधलेली शर्यतीची लाल फीत दिसली. हे फिती समजून चिंध्यांच्या मागे गेले असणार. देवीच्या पुढे वाट नाही, नुसता कडा आहे.

पाणी वाटणाऱ्या एका कार्यकर्त्याला हाताला धरून मी खिंडीत ओढत नेलं. तिथून देवीपर्यंत जाळीजाळीला चिंध्या होत्या. एक मागे पडली की धुक्यातून पुढची दिसायची, आणि प्रत्येकीपाशी मला वाटायचं, आता इथे काहीतरी पडलेलं दिसणार. नवऱ्याचं नाव मी कधी तोंडानं घेतलेलं नाही. त्या दिवशी घसा फुटेस्तोवर नाव घेऊन हाका मारल्या.

हे देवीच्या दगडाला टेकून बसले होते. ओठ पांढरेफटक.

"आईच्या लुगड्याचा काठ वळखला बघ," हे म्हणाले. "म्हनलं, ही काय शर्यतीची फीत न्हवं. तितंच बसलो."

मी आधी रडले, मग तोंडाला येईल ते बोलले. हे सगळं मुकाट्यानं ऐकून घेत होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खाली आल्यावर सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "बघितलंस न्हवं? देवीनं राखलं का न्हाई माझ्या ल्योकाला?"

मी हो म्हटलं. देवीपासून निघताना चिखलात यांच्या बुटाचे ठसे मी पाहिले होते. ते चिंधीपाशी थांबले नव्हते, पुढे गेले होते. शेवटच्या ठशाला फक्त टाच होती. चवडा टेकायला खाली जमीनच नव्हती.

हे मी कुणाला बोलले नाही, यांनाही नाही. यंदाही यांनी शर्यतीला नाव दिलंय. सासूबाईंनी दुसरं लाल लुगडं काढून ठेवलंय.