बैल गेले, टॉक राहिला

डिसेंबर १९९४, रविवार सकाळ. स्थळ: देवपूर, धुळे, आमच्या कॉलेजचं मागचं मैदान. हजर: बाहेरगावाहून आलेले पंच, निरनिराळ्या विद्यापीठांच्या तिरंदाज मुली, त्यांचे प्रशिक्षक, आमचा शिपाई वामन, मी आणि माझी पुतणी वैशाली. शिवाय, येऊ नका असं स्पष्ट कळवलेलं असताना आलेले माझे थोरले दीर.

माझे थोरले दीर, म्हणजे साऱ्या घराचे आणि साऱ्या गावाचे भाऊ, ज्या कामाला हात लावतात ते काम बिघडतं असं मी म्हणणार नाही. काम उत्तम होतं. फक्त ते त्यानंतर त्यांच्यावाचून कधीच होत नाही. रावेरकडच्या आमच्या शेतातला पंप त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून तो त्यांनी विशिष्ट जागी लाथ घातल्याशिवाय सुरू होत नाही. कोठीच्या दाराला त्यांनी नवी कडी बसवली, ती त्यांच्याच खांद्याने उघडते. म्हशीला त्यांनी अशी सवय लावली की ते शेजारी उभे राहून खोकले नाहीत तर ती दूध देत नाही. एकदा त्यांना जळगावला लग्नाला जायचं होतं, तर म्हशीसाठी खोकायला माझ्या यजमानांना धुळ्याहून बोलावून घेतलं. त्यांचा खोकला तिला पटला नाही. घरी परतताना आम्ही दुधाची पिशवी विकत घेतली.

त्यात भर म्हणजे ते माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, ही रीत गावातल्या बाकी सर्वांनी केव्हाच सोडली. भाऊंनी आपल्या वाटची आणि त्यांच्याही वाटची पाळली. मी कॉमर्स शिकवते, कॉलेजचा क्रीडा विभाग सांभाळते, बसभर मुली नेऊन बसभर मुली परत आणते. पण भाऊंना मला काही सांगायचं असलं की मध्ये तिसरं कुणीतरी लागतं. वैशू असली तर वैशू, नाहीतर वामन, नाहीतर दारातली मांजर. एकदा यांतलं कुणीच नव्हतं, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, "तिले सांग, चहात साखर नई." मी साखर घातली. घड्याळाचे आभार मानले नाहीत, एवढाच माझा निषेध.

वैशू ही त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली आणि मी क्रीडा विभागाच्या कपाटातलं जुनं धनुष्य तिच्या हाती दिलं. हात चांगला निघाला. इथवर सगळं माझ्या योजनेप्रमाणे होतं. मग भाऊ बघायला आले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. स्पर्धेच्या धनुष्याला एक पातळ पोलादी पट्टी असते. बाण पुरता मागे ओढला गेला की ती त्याच्या टोकावरून निसटून धनुष्यावर आपटते, टक् असा आवाज होतो, आणि नेमबाज त्याच क्षणी बाण सोडतो. तिला क्लिकर म्हणतात. आमच्या धनुष्याची ही पट्टी तुटलेली होती. नवी मागवायची म्हणून मी दोन ठिकाणी लिहिलं होतं. भाऊंनी ते ऐकून घेतलं आणि वैशूला म्हणाले, "तुह्या काकूले सांग, पट्टी कायले पायजे? मी हाये ना."

ते तिच्या बाजूला उभे राहिले, डोळे बारीक करून बाणाच्या टोकाकडे पाहू लागले, आणि टोक बरोबर जागेवर येताच टाळूला जीभ लावून त्यांनी 'टॉक' केलं. बैलजोडी हाकताना सारा जन्म जो आवाज काढला, तोच. बैल विकून ट्रॅक्टर घेतल्यापासून तो बेकार बसला होता. बाण सुटला आणि मधल्या पिवळ्या वर्तुळात जाऊन बसला. त्या एका बाणाने माझं पुढचं वर्ष खाल्लं.

भाऊ दर शनिवारी येऊ लागले. येताना केळीच्या वाळलेल्या पानांचा दाबून बांधलेला एक अगडबंब गठ्ठा आणायचे, बाण मारायला. तो एसटीच्या टपावर चढवायचा, आणि तो सुखरूप आहे ना हे बघायला नशिराबाद, एरंडोल, पारोळा, गाडी जिथे थांबेल तिथे स्वतःही टपावर चढायचे. त्या मार्गावरचे कंडक्टर मला ओळखू लागले. "मॅडम, तुमच्या भाऊंना आतच बसायला सांगा ना," असं एक जण मला भर बाजारात म्हणाला. मी सांगू शकत नव्हते. मध्ये तिसरं कुणी नव्हतं.

नवी पट्टी आली. मी बसवली. वैशूने ओढला, पट्टी टक् वाजली, आणि बाण तिच्या हातातच राहिला.

"काकू, हा आवाज कोरडा आहे. हात सुटतच नाही."

म्हणजे झालं होतं काय, तर पंप, कडी, म्हैस, आणि आता माझी सर्वांत चांगली खेळाडू. मी भाऊंना वामनमार्फत बजावलं की चाचणीच्या दिवशी रेषेजवळ कुणालाही येता येत नाही, पोरीची सवय मोडा. भाऊ वामनला म्हणाले, "तिले सांग, सवय मोडाले टाइम लागते. आधी चाचणी होऊ दे."

आणि ही चाचणी साधी नव्हती. यातल्या पहिल्या चौघी परदेशात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेला जाणार होत्या. वैशूचं शेवटचं वर्ष. गावाकडे एक चांगलं स्थळ तयार होतं आणि तिच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं: निवड झाली तर लग्न थांबेल, नाहीतर मांडव. वैशूला मांडव नको होता. भाऊंना काय हवं होतं, हे त्यांनी कुणामार्फतही सांगितलं नाही.

मी दोर बांधले, फक्की मारली, वाऱ्याची निशाणं लावली, पाणी, खुर्च्या, प्रथमोपचाराची पेटी, सर्व जागेवर. नको म्हणूनही आलेल्या भाऊंची जागा मी दोराबाहेर, पार मागे, कडुलिंबाखाली नेमली. स्पर्धा सुरू झाली. वैशूने पहिला बाण ओढला. आणि लिंबाखालून, मैदान दुमदुमेल असा, 'टॉक'.

वैशूचा बाण सुटला. तिच्या उजवीकडच्या मुलीचाही सुटला. डावीकडचीचाही. एक गवतात गेला, एक दुसरीच्याच लक्ष्यावर.

"बठ्ठा बाण एकदमच सुटनात, मॅडम," वामन कौतुकाने आपल्या अहिराणीत म्हणाला. सगळे बाण एकदम सुटले म्हणून त्याला हे सर्व बसवलेलं वाटलं.

पंचांनी शिट्टी वाजवली. "आवाज कुणी केला?"

भाऊंनी हात वर केला, बक्षीस घ्यायला करतात तसा. "म्या केला."

"का?"

"पोरीसाठी, साहेब. त्या दोघींनी कायले सोडला, ते त्यांले इचारा."

पंच सज्जन होते. त्या दोघींना बाण पुन्हा दिले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आणखी एक आवाज आला तर तुमची मुलगी बाद." मी भाऊंकडे गेले. मला बोलावंच लागलं नाही. त्यांनी ऐकलं होतं. कधी नव्हे ते वामनलाही काही न सांगता ते फाटकातून बाहेर गेले.

वैशूने दुसरा बाण ओढला. दोरी हनुवटीला टेकली, पट्टी कोरडीशी वाजली, बाण सुटला नाही. तिने बाण खाली घेतला. पुन्हा ओढला, पुन्हा खाली. वेळ संपत होता आणि न सोडलेल्या बाणाला गुण नसतात. मी दोर घट्ट धरून उभी होते. दोर सैल झाला होता म्हणून, असं मी तेव्हा वामनला सांगितलं.

तेवढ्यात मला कुंपणाच्या भिंतीवर भाऊंचं डोकं दिसलं. उघडं. बोडक्या डोक्याचे भाऊ मी कधी पाहिले नव्हते. टोपी त्यांनी तोंडात कोंबली होती, सगळीच्या सगळी, वर दोन्ही हातांनी दाबून धरली होती, चुकून आवाज निघू नये म्हणून. डोळे मात्र बाणाच्या टोकावर.

वैशूनेही पाहिलं. ती हसली. ओढलेल्या धनुष्याशी हसू नये हे मी तिला शंभर वेळा सांगितलंय, पण ती हसली, तिचे खांदे सैल झाले, आणि मग अगदी हळू, शेजारणीलाही ऐकू जाणार नाही असा, तिने स्वतःच टॉक केला. बाण पिवळ्यात.

ती चौथी आली. शेवटची, पण चौघींतली. लग्न थांबलं. परदेशी पदक मिळालं नाही, मधल्या फेरीत हरली. मात्र त्या जोरावर रेल्वेत नोकरी लागली, आणि आता ती पार बंगालकडे मुलींना तिरंदाजी शिकवते. निकालाच्या दिवशी भाऊ टोपी झटकत आत आले आणि वामनला म्हणाले, "तिले सांग, आता पोरीले माही गरज नई." मला वाटलं, सुटलो. आवाज मात्र आनंदाचा नव्हता.

मागच्या महिन्यात वैशूचा फोन आला. "काकू, भाऊंचे दात काढायचेत. दिवाळीनंतर कवळी बसणार. मग तो आवाज निघणार नाही. त्याआधी टेप करून पाठव ना."

मी टेप, नवे सेल आणि कोरी कॅसेट घेऊन गावी गेले. बटण दाबून यंत्र खाटेवर ठेवलं. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यालाच म्हणाले, "इचार तिले, समोर बैल नई, बाण नई, मंग हाकू काय?"

म्हणून मी, कॉलेजने निरोपाला दिलेलं, वैशूचं जुनं धनुष्य खुंटीवरून काढलं. माझं वय, माझं नऊवारी वजन, सगळं बाजूला ठेवून बाण लावला आणि ओढला. भाऊ बाजूला येऊन उभे राहिले, डोळे बारीक केले. तोंड किंचित उघडं, जीभ टाळूला लागलेली मला दिसत होती. दोरी हनुवटीला टेकायची वाट बघत ते थांबले होते. दोरी नाकाच्या पुढे वीतभर अडली ती अडलीच. मी बाण उतरवला.

भाऊ खाटेकडे वाकले आणि यंत्राला हळूच म्हणाले, "तिले सांग, हात चांगला हाये. पण पुरा नई आला."

कॅसेटवर सध्या तेवढंच आहे. धनुष्य मी धुळ्याला घेऊन आलेय. रोज कॉलेजला निघण्याआधी गच्चीवर ओढते. दिवाळी जवळ आली. काल दोरी ओठांच्या पुढे चार बोटांवर होती. हनुवटीला टेकायची बाकी आहे.