काळी चारची पेटी

विश्राम केळसकरांइतका हट्टी माणूस आमच्या ठाकुर्लीत दुसरा नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कितीदा तरी म्हटलंय. ते नुसते हसतात. हसताना डोळे मिटतात, पण हातातली कानस काही थांबत नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये हे तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं भाजी आणतात, नातवंडं शाळेत सोडतात. हे बाजाच्या पेट्या सुरात मिळवायला बसले. पेटीच्या आत पितळेची बारीक पट्टी असते, तिला रीड म्हणतात. ती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. शास्त्र एवढंच, बाकी सगळा कान. कल्याणपासून खडवलीपर्यंतची भजनी मंडळं त्यांच्याकडे पेटी घेऊन येतात. मी समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतो आणि त्यातल्या एका मंडळात तबला वाजवतो, त्यामुळे चहा बहुतेक वेळा त्यांच्याकडेच होतो.

आता हट्टाचं सांगतो. बाजारातल्या पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. सोय अशी, की कुठलीही काळी-पांढरी पट्टी सा धरून गा, पेटी साथ देते. पण त्या सोयीपायी प्रत्येक सूर आपल्या खऱ्या जागेवरून थोडा थोडा सरकवलेला असतो. गंधार, म्हणजे ग, तर चांगलाच चढा. तुम्हाआम्हाला तो चालतो, विश्रामभाऊंना चालत नाही. ते दोन सूर एकत्र वाजवतात आणि त्यांच्यातली थरथर ऐकतात. कानस फिरवत फिरवत ती थरथर पूर्ण थांबली, की सूर घरी आला म्हणायचं. अशी मिळवलेली पेटी इतकी गोड लागते की शेजारचं पोरही टीव्ही बंद करून ऐकतं. फक्त ती एकाच पट्टीत गोड. दुसरी पट्टी सा धरली की सगळं बिनसतं.

या गोडीचा प्रसाद आमच्या मंडळाला टेंभी नाक्याजवळच्या भजनस्पर्धेत मिळाला. विश्रामभाऊंनी हौसेनं आमची पेटी मंडळाचे गायक मारुतीबुवा यांच्या पट्टीत, काळी दोनमध्ये, मिळवून दिली होती. ऐन दिवशी बुवांचा घसा बसला आणि त्यांनी आयत्या वेळी काळी एक लावली. पंचम असा काही रुसला, की परीक्षकांनी पेटीकडे बघितलं, बुवांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी तबल्याकडे. परत येताना बुवा म्हणाले, “केळसकर, तुमची श्रुती तुमच्या घरी ठेवा. आम्हाला बाजारची पेटी बरी.” विश्रामभाऊंनी निमूटपणे पेटी होती तशी करून दिली. वर मला म्हणाले, “गंधार मात्र काय लागलेला रे, साईनाथ!”

पण त्यांच्या घरी एक पेटी होती तिला कुणी हात लावायचा नाही. ती नीलावहिनींची. वहिनींचा सा काळी चार. लग्नानंतर कधीतरी, नोकरीत असतानाच, विश्रामभाऊंनी ही पेटी बायकोच्या त्या आवाजावर मिळवली, आणि पुढे दर दिवाळीआधी तिची थरथर काढत राहिले. वहिनी दर गुरुवारी आजूबाजूच्या बायकांना गाणं शिकवायच्या. त्यांचा गंधार आणि त्या पेटीचा गंधार एकमेकांत असे मिसळायचे की आवाज कुठला आणि पेटी कुठली, कळायचं नाही. मी काही मोठा जाणकार नाही, पण ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा.

दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. डॉक्टर म्हणाले, “आवाज येईल, पण आता थोडा खालीच राहील.” विश्रामभाऊंनी यातलं पहिलं अर्धं वाक्य ऐकलं.

आवाज आला. खाली उतरून, थोडा जाडसर होऊन आला. काळी चारवर वरचा सा गाठताना फाटायचा. विश्रामभाऊ रोज सकाळी पेटी उघडून बसायचे.

“घाई नाही. आज नाही तर पुढच्या महिन्यात लागेल.”

वहिनी प्रयत्न करायच्या, खोकायच्या, पाणी प्यायच्या. एकदा त्या दबकत म्हणाल्या, “अहो, जरा खाली, पांढरी चारमध्ये बघूया का? तिथे मला बरं वाटतं.” विश्रामभाऊंनी पांढरी चार दाबली. सा लागला, पंचमही नीट लागला, आणि गंधार असा चढा बोलला, जसा भातात दाताखाली खडा यावा. पेटी काळी चारची, ती बिचारी काय करणार!

“बघ, हा तुझा सूर नाहीच,” ते म्हणाले आणि त्यांनी भाता मिटला.

महिन्याचे सहा महिने झाले, सहाचं वर्ष. गुरुवार बंद पडले. सकाळचं बसणंही बंद पडलं. पेटीवर तिची खोळ चढली. मला राग यायचा. एकदा मी बोललोच, “मिळवून द्या की पांढरी चारमध्ये. दोन-चार दिवसांचं तर काम.”

“आणि तिचा आवाज परत आला तर?” ते म्हणाले. “आल्यावर पेटी तयार नको?”

माणूस प्रेमापोटी किती वाईट वागू शकतो, हे मी समोरच्या दारातून रोज बघत होतो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं कल्याणला एका मंडळाची पेटी पोचवायला गेलेलो. त्यांच्याकडे कुणाचं तरी साखरपुड्याचं घाईचं काम निघालेलं, म्हणून पेटी ठेवून लगेच निघालो आणि दुपारी तीनलाच परत आलो. जिना चढताना गाणं ऐकू आलं. खालच्या सुरातलं, संथ, कोणताही आटापिटा नसलेलं. मोबाइलवर तंबोरा लावून वहिनी स्वयंपाकघरात गात होत्या. घरात कुणी नाही असं समजून.

मी दारापाशी पोचलो, तर विश्रामभाऊ मागे पायरीवरच बसलेले. मीही खाली उतरून शेजारी टेकलो. वहिनी गंधारावर थांबल्या आणि तो त्या तंबोऱ्यात असा विरघळला की विश्रामभाऊंनी माझं मनगट पकडलं.

“थरथर नाही,” ते कुजबुजले. “अजिबात नाही. पांढरी चार आहे, आणि अजिबात नाही.”

“मग?”

त्यांचे डोळे पुसायचे राहिले.

“दीड वर्षं मी हिला गप्प बसवलं रे,” ते म्हणाले.

मला त्यांची समजूत घालावीशी वाटली नाही, कारण ते खरंच होतं. मी म्हटलं, “आता आत चला.”

आम्ही आत गेलो तशी वहिनींनी पटकन तंबोरा बंद केला आणि ओटा पुसायला घेतला. विश्रामभाऊंनी वहिनींच्या पेटीची खोळ काढली, वरची फळी उचलली, कानशी मांडल्या.

“आज कशाला उघडलीत?” वहिनींनी विचारलं.

“पांढरी चारमध्ये घेतो.”

“अहो नको! मग काळी चार गेली ना हातची.”

“जाऊ दे,” विश्रामभाऊ म्हणाले. मग फार हळू म्हणाले, “माझं चुकलं, नीला. तू मघाशी गात होतीस तोच गंधार दे. सूर मोजायचं मशीन लावत नाही, तुझ्यावरच मिळवतो.”

वहिनी ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. फडकं दोनदा पिळून झालं. मग येऊन जमिनीवर बसल्या आणि त्यांनी सूर लावला. विश्रामभाऊंनी रीड मुळाशी घासली, बसवली, वाजवली, पुन्हा काढली. थरथर जोरात होती, मग मंद झाली. पुन्हा घासली. मी चहा करायला उठलो, कारण त्या खोलीत माझं काही काम नव्हतं. चहा होईपर्यंत फक्त सूर आणि कानस आळीपाळीनं ऐकू येत होते.

कप घेऊन आलो तेव्हा विश्रामभाऊ ती रीड उजेडात धरून बघत होते.

“बारीक झालीय,” ते वहिनींना म्हणाले. “अजून दोनदा तुझा सूर उतरला, तर दोनदा घासता येईल. त्यापुढे ही नाही टिकायची.”

“दोनदा पुरेल की,” वहिनी म्हणाल्या. “अडुसष्टची झालेय मी.”

विश्रामभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. मग रीड जागेवर बसवली, भाता उघडला आणि म्हणाले, “गंधार दे परत.”

वहिनींनी दिला.