बाबांचा पंखा

बाबांना जाऊन वर्ष होत आलं आणि माझ्या लेकीने ठरवलं की आजोबांची पुण्याची खोली ती व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत उभी करणार. कॉलेजात ती हेच शिकते. मी म्हटलं, कर बाई. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि ऑफिस, स्वयंपाक, आईच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या यांत माझा तो कधीच संपला होता. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिललाच असते.

पण खरं सांगायचं तर मला आशा लागली होती. बाबा गेले तेव्हा मला जाता आलं नव्हतं. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही म्हातारे होत चाललोय. तेव्हा कागद अर्धवट होते, बाहेर पडले असते तर परत येण्याची खात्री नव्हती. त्यांचा चेहरा एकदा समोर दिसावा, एवढंच मला हवं होतं.

हाताशी होते आमचे रविवारचे व्हिडिओ कॉल. लेकीसाठी आजोबांच्या गप्पा राहाव्यात म्हणून मी ते रेकॉर्ड करायचे. बाबांच्या पिढीची फोन धरायची एक खास पद्धत आहे: हनुवटी, नाकपुड्या, आणि मागे छताचा पंखा. मी दर वेळी चिडवायचे, "बाबा, फोन वर धरा, मला पंख्याशी नाही बोलायचं." ते हसायचे. "अगं, माझ्यापेक्षा तोच देखणा आहे." शेवटच्या काही महिन्यांत तर जेमतेम एक कान दिसायचा. त्यावरही आम्ही पोट धरून हसलो.

त्यामुळे खोलीत पंखा झकास झाला. पात्यांवरची धूळसुद्धा आली. चेहरा मात्र काही केल्या जमेना.

एका शनिवारी दुपारी लेकीने मला स्क्रीनपाशी बोलावलं. "आई, जुन्या कॉल्समध्ये फोन खुर्चीजवळ आहे. हे शेवटचे बघ. पंखा बरोबर वर. फोन बेडवर ठेवलाय, उशीच्या बाजूला. ही वॉज लायिंग डाऊन. एव्हरी टाइम."

सोफ्यावर माझी आई मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"उठवत नव्हतं त्यांना," ती म्हणाली. "मीच टेकवून ठेवायचे फोन. तोंड अगदी एवढंसं झालं होतं. म्हणाले, तिने पाहिलं तर तशीच निघून येईल, आणि इतक्या वर्षांची खटपट पाण्यात जाईल."

मला राग आला. त्या दोघांचा, त्या रांगेचा, माझ्या पंख्यावरच्या विनोदांचा. भांडायचंही त्राण नव्हतं.

"चेहरा फोटोंवरून करू का?" लेकीने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं.

मग तिने मला हेडसेट घातला आणि शेवटचा कॉल लावून दिला. उभ्याने पंखा नीट दिसेना, म्हणून मी कार्पेटवर आडवी झाले. आता तो बरोबर वर फिरत होता, त्यांना दिसत असेल तसा. कानाशी त्यांचा आवाज आला, "दमलीस का गं?"

"छे हो, मजेत आहे," त्या रेकॉर्डिंगमध्ये मी सांगत होते. "तुम्ही?"

"मी पण मजेत," बाबा म्हणाले.