किटेरिया मावशीची खुर्ची

आमच्या बेनिरोकात चेंडूचा खेळ मैदानात होत नाही, गल्लीत होतो. सणाच्या दिवशी खिडक्यांना जाळ्या ठोकायच्या, तळहाताला चिकटपट्टीखाली पत्त्यांची पानं लावायची आणि तो दगडासारखा कातडी चेंडू हातानं मारत सुटायचं. बघणारे आपापल्या दारात बसतात. लागलं तर ज्याचं त्याचं नशीब.

किटेरिया मावशी पाव भाजते. चेंडूनं तिचं नाक दोनदा फोडलंय. चेंडू अंगावर आला की आम्ही सगळे तोंड झाकून वाकतो, मावशी वाकत नाही.

"बघायला बसलेय, लपायला नाही," ती म्हणते.

सणाची स्पर्धा जिंकणाऱ्याच्या नावाची निळी फरशी त्याच्या दारावर बसवतात. मावशीच्या दारावर तिच्या वारलेल्या नवऱ्याची, डोनीसची आहे. तिच्याखालची फरशीएवढी जागा मावशीनं कधी रंगवू दिली नाही. ती मुलासाठी, ब्लाइसाठी. रंगारी दरवर्षी कुरकुरतो आणि शिव्या खाऊन जातो.

यंदा ब्लाइ अंतिम सामन्यात आला. समोर पलीकडच्या गावचा उंचाडा रोके. सामना बरोबरीत, शेवटचा गुण. रोकेनं असा काही फटका मारला की चेंडू सरळ मावशीच्या दारात, आमच्या पायांशी. मी पहिला वाकलो. डोकं वर काढलं तोवर ब्लाइनं तो परतवून रोकेच्या डोक्यावरून पार घालवला होता. गल्लीत एकच कल्ला!

"दोन टप्पे पडले!" रोके ओरडला.

"एकच!" आमची अख्खी गल्ली ओरडली. बघितलं कुणीच नव्हतं, ते सोडा.

दुसरा टप्पा पडला असेल तर गुण रोकेचा. पंच म्हणजे आमचा सेनेंत न्हावी, आणि मध्ये ब्लाइची पाठ आल्यानं त्यालाही काही दिसलं नव्हतं. अशा वेळी पंच बसलेल्यांना विचारतो आणि ते सांगतील ते अखेरचं. त्यात आपला-परका करायचा नाही, ही आमच्या बापजाद्यांपासूनची रीत. सेनेंतनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे आपापल्या चपला बघू लागलो.

"मावशी, तू तर वाकली नसशील," तो हळूच म्हणाला.

मावशीनं एकदा दारावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"दोन," ती म्हणाली.

रोकेला त्याच्या लोकांनी खांद्यावर घेतलं. आमची गल्ली घुम्यासारखी घरात गेली. सेनेंतची बायको तर जाताना मावशीला ऐकू जाईल असं पुटपुटली, "हिला कुणी आई म्हणावं!"

संध्याकाळी मावशीनं भट्टीत भाजलेला भात मलाही वाढला. ब्लाइ ताटाला हात लावेना.

"आई, अख्ख्या गल्लीत तू एकटीनंच बघितलं होतंस. एक म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मावशीनं डाव खाली ठेवला. "मी एकटीनंच? चेंडू तुझ्या पायाशी होता. तुला किती दिसले?"

ब्लाइचे कान लाल झाले. "दोन," तो म्हणाला.

"मग मला का बोलायला लावलंस, गाढवा?"

मला हसू आवरेना. ब्लाइनं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि तोही फिसकन हसला. मग त्यानं ताट पुढे केलं.

"खरपूस बाजूचा वाढ," तो म्हणाला. "आणि ती जागा रंगवू नकोस."