मालकांचं ‘नंतर’

छापखान्यात तिला सगळे भिंगवाली म्हणत. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या माघारी त्यांचं भिंग हिच्याकडे आलं आणि ते डोळ्याला लावून हिनं जन्मभर प्रुफं तपासली. सुटलेला काना हिच्या नजरेतून निसटेल तर शपथ! पण डोळ्यांनाही वय असतंच की. भिंगातूनही अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली, तेव्हा सुनेनं घरच्या कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करणारा एक प्रोग्रॅम घालून दिला. अक्षरं कशी, वाटाण्याएवढी! बनवणारा कुणी एकटा माणूस. त्यानं लिहिलेलं, ‘वापरून बघा. उपयोगी पडलं तर जमेल ते द्या.’ हिनं लगेच पैसे दिले.

“आई, ऐच्छिक होतं ते,” सून म्हणाली.

“म्हणून तर दिले. सक्ती असती तर घासाघीस केली असती.”

हिचं बघून मालकांनी तोच प्रोग्रॅम छापखान्याच्या मोठ्या मशीनवर चढवला. तिथून तो तारेनं सगळ्या टेबलांवर पोचला. फुकट ते पौष्टिक! भिंगवालीला वाटलं, मालकांनी दिले असतील. जुळणीवाल्याला वाटलं, भिंगवालीनं दिले त्यात सगळ्यांचं आलं.

एका सकाळी मालकांना उशीर होता, म्हणून मोठं मशीन हिनं चालू केलं. पडद्यावर त्या माणसाची पाटी आली: ‘सगळे मिळून वापरत असाल तर सगळ्यांचं मिळून काही द्या. एकट्याला रेटवत नाही. असंच चाललं तर बंद करीन.’ खाली दोन बटणं, ‘देतो’ आणि ‘नंतर’. इथं ‘नंतर’ दाबलं की पाटी बाकीच्या टेबलांवर उगवतच नसे. म्हणजे मालक रोज सगळ्यांच्या वतीनं ‘नंतर’ म्हणत होते, आणि कुणी काही मागतंय याचा बाकीच्यांना पत्ताच नाही!

हिच्या अंगाचा तिळपापड झाला. मालक दारातून आत येतात तोच हिनं गाठलं.

“अहो बाई, ऐच्छिक आहे ते. माझी इच्छा नाही. संपलं.”

“घरी मी एकटी वापरते, तिथं माझी इच्छा. इथं सगळा छापखाना त्याच्या जिवावर चालतो, आणि इच्छा तुमच्या एकट्याची? शाईवाला दारात येऊन बसतो, त्याचे पैसे बरे बुडवत नाही! हा दारात येत नाही, म्हणून याच्या तोंडाला पानं पुसायची?”

“ताई, तुमचं काय जातंय?” जुळणीवाल्यानं तोंड घातलं.

“माझे डोळे जातायत! त्यानं बंद केलं तर मी वाचू कशी? द्यायचं नसेल तर सगळ्यांच्या मशीनवर ठेवूच नका. काढा!”

“काढतो! मग बघू कशा वाचता.” मालकांनी रागारागानं खरंच काढला.

भिंगवालीनं पिशवीतून भिंग काढलं, रुमालानं पुसलं आणि औषधाच्या माहितीपत्रकाचं प्रूफ पुढ्यात ओढलं. एकेका अक्षरावर बोट. डोळ्याला पाणी आलं की थांबायचं, पुसायचं, पुन्हा बोट. ते छापून न्यायला आलेला औषधवाला खुर्चीत चुळबुळत होता.

“होऊ द्या हो आता, तसंच छापा,” मालक म्हणाले.

“गोळीच्या मात्रेत एक शून्य जास्त पडलं तर? कुणाचा जीवही ऐच्छिकच का?”

औषधवाला ताडकन उठला. “छे छे, नीट तपासा! आणि हे असंच चालणार असेल, तर पुढचं काम मी दुसरीकडे देतो.”

मालक हळूच हिच्या टेबलाशी आले. “बरं बाई, किती देतात लोक त्याला?”

हिनं भिंगावरून मान वर केली नाही. “ऐच्छिक आहे, मालक. तुमची इच्छा केवढी, ते कळू द्या आज सगळ्यांना.”

मालकांनी प्रोग्रॅम परत चढवला. पाटी आली. सवयीनं बोट ‘नंतर’कडे वळलं, तसा मागून जुळणीवाला खाकरला.