कूलरच्या पंपावर काढलेला उतारा

नांदेड स्टेशनात हैदराबादची गाडी लागली, तेव्हा अण्णांनी दशम्यांचं गाठोडं खिडकीतून आत दिलं. अण्णा म्हणजे माझे वडील; देवणीच्या बैलबाजारात सौदे जमवायचे. म्हणाले, "सौद्यातून उठलास नव्हं? मग मागं बघायचं न्हाई. बघितलं की भाव पडतो." मी बघितलं नाही. रागच तेवढा होता.

आदल्याच आठवड्यात नांदेडला नव्या संशोधकांचा सेमिनार झाला होता. लातूरच्या कॉलेजात मी पायराझोल बनवत होतो. अणूंचं कडं बांधायचं आणि त्यात दोन नायट्रोजन शेजारी-शेजारी बसवायचे, असं ते काम. मिश्रण तासन्‌तास उकळावं लागतं. वाफ परत खाली उतरावी म्हणून वरच्या काचेच्या कंडेन्सरमधून गार पाणी फिरतं ठेवावं लागतं. उन्हाळ्यात लातुरात प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथं नळ कोण सोडून देणार? मग आम्ही बादलीत कूलरचा पंप टाकायचो, वरून बर्फ, आणि तेच पाणी फिरवायचो. बर्फवाल्याशी हुज्जत घालायचं खातं माझ्याकडे.

सेमिनारात मी हे मांडलं, किती माल निघाला तो उताराही सांगितला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी ऐकलं आणि म्हणाले, "बादलीवर एवढा उतारा? माल मोजताना ओला होता काय?" ओला माल वजनाला जास्त भरतो, म्हणजे माझा आकडा खोटा. सभागृह हसलं. माझे सर पहिल्या रांगेत होते. तो पंप त्यांनी स्वतःच्या घरच्या कूलरमधून काढून आणला होता. ते गप्प बसले.

ते गप्प बसणं मी हैदराबादला घेऊन गेलो. तिथं दुसऱ्यांच्या लॅबमध्ये राबलो, मग स्वतःची उभी केली. आता पाणी गार ठेवायला चिलर आहे. तेलुगूत भाव पाडतो, दखनी उर्दूत वसुली करतो. पप्पू-अन्नम, म्हणजे तिकडचा वरणभात, आवडीनं खातो. राग मात्र अजून देवणीच्या बोलीतच येतो. गावाकडच्यांनो, मी इतकी वर्षं नांदेड-लातूर का टाळलं, ते हे. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले असतील, त्यांना फार सांगायला नको.

यंदा त्याच सेमिनारला मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. मानधन नको म्हणालो, पण भाषणाची वेळ घासाघीस करून वाढवून घेतली. सरांच्या देखत त्या दिवसाचं सगळं उकरून काढायचं होतं.

सर काठी टेकत आलेच. माझ्या आधी लातूरच्या आमच्याच कॉलेजातली कीर्ती नावाची पोरगी बोलायला उभी राहिली. माझ्या शेजारी बसलेल्या तज्ज्ञांनी तिला विचारलं, "कंडेन्सरला पाणी कुठलं?"

"बादलीतलं, सर," ती पुटपुटली. मागून कुणीतरी खिदळलं. तिनं मांडलेला उतारा खोटा ठरला, तर पोरीचं वर्षभराचं काम पाण्यात.

मी उठणार, तोच काठी वाजली. सर उभे होते. "उतारा खरा हाय. बादलीवर निघतो, मी डोळ्यांनी बघितलाय. काढणारा तिथं बसलाय, विचारा त्याला."

सगळी डोकी माझ्याकडं वळली. मग मी माझ्या वेळेतच बोललो, पण बादलीबद्दल: बर्फ कधी बदलायचा, माल कोरडा झाल्याची खात्री कशी करायची. उरलेली वेळ कीर्तीला देऊन टाकली. तिनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, शेवटी तर ठसक्यात.

जेवताना मी सरांना गाठलंच. "त्या दिवशी का उठला नाहीत?"

"नोकरी कच्ची होती रे. अन्‌ तुला टोकणारा तो माणूस माझी मुलाखत घ्यायला बसणार होता."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं!"

"तू थांबला होतास का?"

माझा आवाज चढला. हैदराबादेत एवढ्या आवाजाला अख्खी लॅब चिडीचूप होते. मी बोलतच होतो. सरांनी माझं ताट पुढं ओढलं आणि त्यात वरणाचा डाव रिकामा केला.

"भांड, पोटभर भांड," ते म्हणाले. "पण आधी वरण खा. गार होऊन राहिलंय."

घर कुठं, असं आता कुणी विचारलं तर मी लातूर-नांदेडकडं बोट दाखवतो. माझ्या रागाला न भिणारी माणसं तिकडंच आहेत.