दुसऱ्या ड्राइव्हवरचे अण्णा

माझा नवरा रिटायर झाला त्याच महिन्यात आमच्या जुन्या कॉम्प्युटरलाही तसाच निरोप आला. स्क्रीनवर एक चौकट उघडली आणि तिने अत्यंत सभ्य भाषेत कळवलं, की हे मशीन नव्या विंडोजसाठी पात्र नाही. नवऱ्याने ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. उभा जन्म तेलाच्या पाइपलाइनी आखण्यात घालवलेल्या या माणसाला ऑफिसने नुकताच केक कापून घरी पाठवलं होतं. त्यामुळे ‘पात्र नाही’ हे शब्द त्याने कॉम्प्युटरच्या वतीने मनाला लावून घेतले.

“धडधाकट मशीन आहे,” तो म्हणाला. “मी यावर लिनक्स टाकतो. फुकटची विंडोजच समज.”

नवा कॉम्प्युटर घ्यावा हा माझा विचार टेक्सासातल्या आमच्या शुगर लँडच्या कुठल्याही दुकानात अर्ध्या तासात तडीस गेला असता. पण मग रिटायर माणसाने दिवसभर करायचं काय? त्याने आठवडाभर व्हिडिओ पाहिले, वहीत नकाशे काढले आणि मला जेवताना समजावलं. मशीनच्या पोटात दोन ड्राइव्ह आहेत. पहिलीवर विंडोज आहे तशीच राहील, दुसरीवर लिनक्स बसेल, आणि सुरू करताना मशीन विचारेल की आज कोण हवं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं आम्ही शाळेत शिकलो होतो. राहतात म्हणे, फक्त रोज सकाळी कुठली उपसायची ते दहा सेकंदांत सांगावं लागतं.

मी एकच प्रश्न विचारला. “दुसऱ्या ड्राइव्हवर अण्णा आहेत ना?”

“त्यांना धक्का लागणार नाही. अर्धी जागा त्यांची, अर्धी लिनक्सची. मध्ये पक्की भिंत.”

अण्णा म्हणजे माझे वडील. कराडला त्यांचं किराणा दुकान होतं. दर रविवारी, माझ्या सकाळी आणि त्यांच्या संध्याकाळी, आमचा फोन व्हायचा. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी ते फोन रेकॉर्ड करून ठेवले. त्यांत काही थोर नव्हतं. शेजारच्यांचा लाउडस्पीकर, गुडघा, यंदाचे आंबे, आणि ‘तुमच्याकडे अजून उकडतंय का?’ टेक्सासात अजून उकडतच असतं, हे त्यांना दर रविवारी नव्याने कळायचं. आणि बोलणं संपलं की ते ठरलेलं वाक्य म्हणायचे, “चला, वाढवतो आता.”

दुकान बंद करतो असं ते कधी म्हणाले नाहीत. बंद म्हटलं की खरंच बंद पडतं, म्हणून दुकान वाढवायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. दुकान विकून वीस वर्षं झाली तरी अण्णा रोज काही ना काही वाढवत होते, शेवटी फोन. माझ्या नवऱ्याला सासऱ्याचा हा शब्द भारी आवडला. मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर कधीतरी त्याने तो उचलला, आणि आमच्या घरात टीव्ही, ग्रिल, पाहुण्यांबरोबरच्या गप्पा, सगळं तेव्हापासून वाढवलं जातं.

अण्णा गेल्यावर मी ती रेकॉर्डिंग ऐकली नाहीत. मला ऐकवली नसती. ती आहेत, एवढं मला पुरत होतं. माझ्या फोनमध्ये ती होती तेव्हा नवराच म्हणाला होता, फोनचा काय भरवसा, मी नीट कॉम्प्युटरवर ठेवतो. फोनमधून मग काढून टाकली. एक झडप बिघडली तर जोडीला दुसरी हवीच म्हणून जन्मभर ज्युनियरांना झापणाऱ्या या माणसाने सासऱ्याची मात्र एकच प्रत ठेवली. बॅकअपचं विचारलं तर म्हणाला, “ती दुसरी ड्राइव्ह म्हणजे बॅकअपच आहे.” कशाचा, ते मी विचारलं नाही, ही माझी चूक.

मुहूर्त शनिवारचा निघाला. आमची मुलगी ऑस्टिनहून आली होती. ती दातांची डॉक्टर आहे, पण अमेरिकेत जन्मली म्हणून कॉम्प्युटरमधलं तिला जास्त कळतं अशी तिच्या वडिलांची श्रद्धा. पेन ड्राइव्ह लावली, ड्राइव्हची यादी समोर आली, नवऱ्याने अर्ध्यात भिंत घातली. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, “चला, पानं वाढते आहे.”

नवरा उठून कढीला फोडणी द्यायला आला, कारण कढी फक्त त्याचीच चांगली होते अशीही एक श्रद्धा आहे. शेगडीवरचा धुराचा पंखा घोंघावत होता. कढईवरून तो मुलीला ओरडला, “ए, वाढव आता ते! जेवायला ये.”

म्हणजे, पुरे कर.

आतून आवाज आला, “लिनक्सचं वाढवू?”

“हो, हो, वाढव!”

“बाबा, इट सेज आय हॅव टू डिलीट द अदर वन. इज दॅट ओके?”

त्यातलं ‘ओके’ तेवढं पंख्यातून इकडे पोचलं. “ओके, ओके! वाढव लवकर, कढी निवतेय.”

तिने वाढवलं. शेजारची भिंत पाडून, शेजारचं घर पुसून, लिनक्स ड्राइव्हच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐसपैस पसरवलं आणि हात धुऊन पानावर येऊन बसली. एकाच घरात, एकाच मिनिटाला, मी वाढत होते, नवरा वाढवायला सांगत होता आणि मुलगी वाढवत होती. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आम्ही तिघंही उच्चशिक्षित, त्यामुळे मार जबर बसला.

जेवण झाल्यावर नवऱ्याने स्क्रीन पाहिली आणि तो खुर्चीत न बसता तसाच उभा राहिला. तेवढ्यावरून मला कळलं.

मी पुष्कळ बोलले. हात दाखवून अवलक्षण, नसते उद्योग, तुझ्या पाइपलाइनी फुटल्या कशा नाहीत, इथपर्यंत. मुलगी रडायला लागली. “आई, वाढव मीन्स इन्क्रीज ना? तूच शिकवलं होतंस!”

खरं होतं. रविवारच्या मराठी शाळेत मी बारा वर्षं बाई होते. विरुद्धार्थी शब्द: वाढवणे, कमी करणे. तिला दहापैकी दहा दिले होते, वर एक चांदणीही चिकटवली होती. जे शब्द आपल्याला लहानपणी घरात आपोआप येतात ते इथे शिकवावे लागतात हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अण्णा दुसऱ्यांदा गेले असं मला वाटलं, आणि या वेळी तर आम्हीच घालवले.

नवऱ्याने पुढचा महिना त्या ड्राइव्हसमोर काढला. पुसलेलं शोधणारा कुठलासा प्रोग्रॅम तो रोज चालवायचा, जेवायलाही बोलवावं लागायचं. मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. शेवटी एके सकाळी तो मला हाताला धरून घेऊन गेला. काही तुकडे सापडले होते. नाव नाही, तारीख नाही, कुठूनही सुरू होणारे. एकात लाउडस्पीकर होता. एकात अण्णा म्हणाले, “तुमच्याकडे अजून उकडतंय का?” आणि नवरा, एसीत बसून, “हो अण्णा,” म्हणाला. मग मला राग धरता येईना. पण सगळे तुकडे मधेच तुटले होते. एकाही फोनचा शेवट मिळाला नाही.

कॉम्प्युटर आता छान चालतो. विंडोज की लिनक्स असं रोज विचारतो, आणि मी उत्तर देईपर्यंत दहा सेकंद संपून जातात.

मुलीचा फोन रविवारी येतो. इतकी वर्षं तो ‘ओके-बाय-लव्ह-यू’ असा एका श्वासात संपायचा. गेल्या रविवारी ती शेवटी थोडी अडखळली.

“चल आई,” ती म्हणाली, “वाढवते आता.”

फोन ठेवतात, असं माझ्यातल्या बाईंना सांगता आलं असतं.

“वाढव,” मी म्हटलं.

आणि ती आणखी वीस मिनिटं बोलत राहिली. तिने कुठला अर्थ घेतला, ते मी विचारलं नाही.